घरपोच माल : वेग आणि वायदा

'दहा मिनिटांत घरपोच' ही घोषणा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर गेली काही वर्षे गाजत होती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी या व्यवसायातील कंपन्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करून वेळेचे हे बंधन सोडण्याचा आग्रह धरला आणि ब्लिंकिटने आपल्या जाहिरातीतील दहा मिनिटांचा उल्लेख काढून टाकला. त्याआधी, २०२५ च्या अखेरीस, माल पोचविणाऱ्या कामगारांनी संप पुकारला होता. यानिमित्ताने जी चर्चा झाली ती महानगरांपुरती राहिली, आणि ते स्वाभाविकही होते. कारण दहा मिनिटांचा व्यापार हा महानगरांचाच व्यापार आहे. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील कित्येक वाड्यांवरून दहा मिनिटांत माणूस डांबरी रस्त्यापर्यंतही उतरत नाही. परंतु ऑनलाइन व्यापार येथे येऊन पोचला आहे. शिक्षकांच्या खोलीत, तहसील कचेरीत, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर त्याचे खोके उघडले जातात. आणि घरपोच मालाच्या बाबतीत ग्राहकाचे समाधान नेमके कशात असते, हा प्रश्न मुंबईपेक्षा येथे अधिक स्वच्छ दिसतो.

या व्यापाराने आपल्यापुरते एक सूत्र ठरवून टाकले आहे. माल जितका लवकर पोचेल तितका ग्राहक संतुष्ट, आणि संतुष्ट ग्राहक पुन्हा येणारच. अमेरिकेत ॲमेझॉनने २००५ साली वार्षिक वर्गणी घेऊन दोन दिवसांत माल पोचविण्याची योजना काढली. भारतात फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकविक्रीपासून आरंभ केला आणि २०१० मध्ये माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय आणली. ॲमेझॉन येथे २०१३ मध्ये आली व २०१६ मध्ये तिने आपली वर्गणीची योजना भारतातही लागू केली. तेव्हापासून आठवड्याचे चार दिवस, चाराचे दोन, दोनाचा एक, अशी ही शर्यत चालू आहे. वर्गणीची ही कल्पना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम तपासून पाहावी अशी आहे. एकदा पैसे भरले की ते वसूल झाले पाहिजेत या भावनेने ग्राहक त्याच दुकानाकडे पुन:पुन्हा वळतो. वेग हे येथे सेवेचे लक्षण आहे, तसाच तो ग्राहकाला बांधून ठेवणारा दोरही आहे.

सूत्रात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. वाट पाहण्याला किंमत असते. व्याज हे दुसरे काय आहे? स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक परीक्षेच्या आधी मिळाले पाहिजे. भातगिरणीचा पट्टा तुटला तर नवा पट्टा झोडणीच्या दिवसांतच आला पाहिजे. गणपतीच्या मखराची दिव्यांची माळ चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आली, तर ती फुकट मिळाली तरी महागच पडते. पण या तिन्ही उदाहरणांत ग्राहक काय मागतो आहे हे नीट पाहावे. 'शक्य तितक्या लवकर' असे तो म्हणत नाही. 'अमुक दिवसाच्या आत' असे म्हणतो. दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे, आणि ऑनलाइन व्यापाराच्या जाहिरातींनी ते पुसून टाकले आहे.

ग्राहकाच्या समाधानाचा शास्त्रशुद्ध विचार झालेला नाही असे नव्हे. अमेरिकेतील रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली मांडलेली उपपत्ती या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. समाधान हे मिळालेल्या वस्तूवर किंवा सेवेवर एकट्याने अवलंबून नसते. जे अपेक्षिले होते आणि जे मिळाले त्यांच्यातील तफावतीवर ते ठरते, असा तिचा आशय आहे. पुढे परशुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघांनी सेवेची गुणवत्ता मोजण्याची जी पद्धती १९८८ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यातील पाच कसोट्यांत विश्वासार्हता, म्हणजे दिलेले वचन दिल्याप्रमाणे पाळणे, ही ग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ठरली. तत्परतेची कसोटी तीत आहे, पण ती विश्वासार्हतेच्या नंतर येते. आता हा सिद्धान्त ऑनलाइन दुकानाला लावून पाहा. सहा दिवसांनी येईन असे सांगून सहाव्या दिवशी आलेले पार्सल घेणारा ग्राहक समाधानाने दार लावतो. दोन दिवसांचा वायदा करून चौथ्या दिवशी आलेले पार्सल दोन दिवस आधी येऊनही तक्रार घेऊन येते. वेग वाढविला की अपेक्षा वाढते, आणि वाढलेली अपेक्षा एकदा मोडली की पूर्वीचा वेग कोणाला आठवत नाही. म्हणजे कंपन्या आपल्याच जाहिरातीने आपल्या समाधानी ग्राहकांची संख्या घटवीत असतात.

महाड-पोलादपूरला घरपोच माल ही काही या शतकाची देणगी नाही. सावित्रीच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत येत आणि घाटावरच्या मालाची देवघेव येथे होई, त्या काळापासून हे गाव बाहेरच्या मालाची वाट पाहण्यात मुरलेले आहे. रायगडावरील पेठेची जोती उंच आहेत, ती घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून, असे गड दाखविणारे आजही सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकांना ते सारेच मान्य नाही. पण वेगवान खरेदीचे आकर्षण लोकमानसात किती जुने आहे याचा तो पुरावा मानायला हरकत नाही. टपाल खात्याने १८७७ साली मूल्यदेय डाक सुरू केली. तीच व्ही.पी. होय. मराठी ग्रंथप्रकाशक, मासिके आणि औषधवाले यांचा खेड्यापाड्यांतील व्यापार दीर्घ काळ या व्ही.पी.वर चालला. पुस्तक पोस्टमनने हाती द्यायचे आणि पैसे मोजून घ्यायचे. फ्लिपकार्टने २०१० साली आणलेली सोय ती हीच; तिला फक्त नवे नाव मिळाले. एस.टी. आल्यावर तर मुंबईतील चाकरमान्याने रात्रीच्या गाडीच्या चालकाकडे दिलेले पुडके सकाळी पोलादपूरच्या स्थानकावर उतरत असे. एका रात्रीत माल पोचत होता. त्या व्यवस्थेत वेगाची कोणी जाहिरात केली नाही, कारण गाडी कधी येते हे सर्वांना ठाऊक होते आणि तिची वाट पाहणारा माणूस स्थानकावर हजर असे.

ऑनलाइन व्यापाराने या भागाला जे दिले ते उणे लेखण्याचे कारण नाही. माझ्या मते त्याची खरी देणगी वेग ही नव्हेच. जी वस्तू दादरला ज्या किमतीत मिळते ती पोलादपूरच्या माणसाला त्याच किमतीत, तितक्याच विविधतेतून निवडून घेता येणे, ही ती देणगी आहे. पूर्वी एखाद्या संदर्भग्रंथासाठी पुण्याची खेप करावी लागे आणि ग्रंथापेक्षा खेपेचाच खर्च अधिक होई. बाजारपेठेपासून दूर राहण्याचा जो कर खेड्यातील माणूस पिढ्यान्‌पिढ्या भरत आला तो बऱ्याच अंशी रद्द झाला. या लाभासाठी पाच दिवस थांबण्याची त्याची तयारी असते. मात्र पाच म्हटले की पाच, एवढेच त्याचे म्हणणे.

नेमकी येथेच गोम आहे. माल केव्हा पोचेल ही तारीख कंपनीचा संगणक काढतो, आणि ती तो प्रामुख्याने पिनकोडावरून काढतो. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल सेवेतील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. सारख्या नावाची गावे, निरनिराळ्या भाषा आणि न लागणारी अक्षरे यांतून पत्राला वाट मिळावी हा तिचा हेतू. पहिल्या तीन आकड्यांनी वर्गवारीचा जिल्हा कळतो, शेवटच्या तिहींनी वाटपाचे डाकघर. महाडचा क्रमांक ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. डाकघरापर्यंत पत्र नेणे एवढेच या क्रमांकाचे काम होते. तेथून पुढे गावचा पोस्टमन होता. त्याला 'मारुतीच्या देवळामागे, वरची आळी' एवढा पत्ता पुरत असे, आणि कोणत्या घरातील माणूस मुंबईला आहे, कोणाच्या सुनेला वाचता येते, हेही त्याला माहीत असे. ऑनलाइन व्यापाराने क्रमांक घेतला, पोस्टमन घेतला नाही. पोलादपूर बाजारपेठेतील दुकानामागचे घर आणि सह्याद्रीच्या अंगावरची वाडी ही दोन्ही एकाच क्रमांकाखाली आली की दोघांनाही एकच तारीख दाखविली जाते. बाजारपेठेतील ग्राहकाचा वायदा पाळला जातो. वाडीवरच्या ग्राहकाला फोन येतो: "रस्त्यावर येऊन घेऊन जा." कधी तोही येत नाही आणि 'ग्राहक घरी नव्हता' अशी नोंद मोबाइलवर उमटते. पार्सल मागविणारा मुलगा घाटकोपरला, घेणारी आई वाडीवर, संकेतांक मुलाच्या मोबाइलवर आणि वाडीवर मोबाइलची रेंज नाही, अशी अवस्था असते तेव्हा दोन दिवसांच्या वेगाचा उपयोग कोणाला? माल वेगाने महाडला येतो आणि तेथे पडून राहतो.

याचे कारण कोणाची दुष्टाई नाही. ते अंकगणितात आहे. भिवंडीच्या गोदामांपासून महाड पावणेदोनशे किलोमीटरांच्या घरात. एका मालमोटारीत शेकडो पार्सले भरून ती रात्रीत आणणे दर नगामागे स्वस्त पडते. महाग पडतो तो शेवटचा टप्पा. समजा, मोटारसायकलीवरून माल वाटणाऱ्या एका माणसाची मजुरी, पेट्रोल आणि गाडीची झीज मिळून दिवसाला ९०० रुपये खर्च येतो. महाड शहरात तो दिवसभरात ६० पार्सले वाटू शकला, तर एका पार्सलामागे १५ रुपये पडतात. डोंगराकडच्या गावांसाठी आठवड्याची ३० पार्सले असली आणि तो आठवड्यातून दोनदा तिकडे गेला, तर एका खेपेत १५, म्हणजे नगामागे ६० रुपये. आता हीच पार्सले 'वेगाने' पोचवायची म्हणून त्याला आठवड्यातून सहा दिवस पाठविले, तर एका खेपेत पाचच पार्सले असतील आणि नगामागे १८० रुपये पडतील. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. खरे आकडे गावोगाव निराळे असतील. परंतु तत्त्व बदलत नाही. शहरात गिऱ्हाइकांची दाटी असल्यामुळे वेग स्वस्त असतो. विरळ वस्तीत वेग म्हणजे अर्धी रिकामी खेप. दोनशे रुपयांच्या वस्तूवर १८० रुपये वाहतूक कोणतीही कंपनी सोसणार नाही. मग ती तीनांपैकी एक मार्ग पत्करते. 'या पिनकोडावर सेवा उपलब्ध नाही' असे सांगून मोकळी होते, वाडीचा माल नाक्यावर टाकते, किंवा नगावर मजुरी ठरवून तो बोजा मोटारसायकलवाल्या पोराच्या अंगावर ढकलते.

येथे एक प्रश्न विचारणे भाग आहे. वाडीवरच्या ग्राहकाने इतकी घाई मागितली होती काय? ज्याने वर्षभर विचार करून शिवणयंत्र घेतले, त्याला ते दुसऱ्याच दिवशी हवे असते असे दिसत नाही. घाई दुकानदाराला असते, आणि तिचे एक कारण आहे. रोखीने पैसे देण्याच्या व्यवहारात मागणी नोंदविणे आणि पैसे देणे यांत जितके दिवस जातात तितका सौदा फिसकटण्याचा संभव वाढतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लिपिकाच्या घरात रोकड असते, तिसऱ्यात नसते. मधल्या काळात मत बदलते, शेजाऱ्याकडे तीच वस्तू पाहून मन विटते, घरातील वडीलधारे कान उपटतात. मग पार्सल परत जाते आणि जाण्यायेण्याचा दुहेरी खर्च विक्रेत्याच्या माथी बसतो. माल लवकर पोचला की परत जाणारा माल कमी होतो. म्हणजे वेगाचा पहिला लाभधारक विक्रेता आहे. हा लाभ त्याने जरूर घ्यावा. मात्र त्याला 'ग्राहकसेवा' हे नाव देताना थोडा संकोच बाळगावा. ग्राहकसेवेची परीक्षा उलट दिशेच्या प्रवासात होते. बिघडलेली वस्तू परत न्यायला माणूस किती दिवसांनी येतो आणि पैसे किती दिवसांनी परत मिळतात, याविषयीच्या घोषणा जाहिरातींतून क्वचितच कानी पडतात. वाडीवर माल घेऊन येणारा एक वेळ येईल. परत न्यायला येणाऱ्याची वाट पाहावी लागते, आणि तोवर परतीची मुदत संपून जाते.

आणि मग पाऊस. या दोन तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील जवळजवळ सारा चार महिन्यांत. भोरकडे जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद ठेवण्याची पाळी वारंवार येते. महाबळेश्वरकडच्या आंबेनळी घाटात दरडी कोसळतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही डोंगर खाली आला. ज्या प्रदेशाने हे पाहिले त्याला पार्सल चार दिवस उशिरा आले म्हणून राग येत नाही. राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. नदीने धोक्याची पातळी ओलांडलेली असते, रस्ता बंद असल्याचे साऱ्या गावाला ठाऊक असते आणि मोबाइलवर मात्र 'आज सायंकाळपर्यंत पोचेल' ही ओळ तशीच उभी असते. जुलैची तारीख आणि जानेवारीची तारीख एकाच सूत्राने काढणे हा पावसाचा दोष नव्हे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि २०२५ च्या गणेशोत्सवातही त्याच्या अपुऱ्या कामाबद्दल चाकरमान्यांची ओरड ऐकू आली. कशेडीच्या बोगद्याने खेडकडचा घाट काही मिनिटांवर आणला हे खरे. पण बोगदा महामार्गावर आहे, आणि पार्सल अडते ते महामार्ग सोडल्यावर.

या साऱ्या घाईचा भार अखेर ज्याच्या पाठीवर येतो त्या तरुणाकडे पाहिले पाहिजे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कायम नोकरी मिळाली नाही, मुंबईत राहायला जागा परवडत नाही, हाती मोटारसायकल आहे, असा पदवीधरही या कामात आढळतो. पाठीवर पोत्याएवढी पिशवी, वर मेणकापड, आणि मिळकत बहुधा नगावर. पेट्रोल त्याचे, पंक्चर त्याचे, घसरून पडला तर औषधपाणीही बहुधा त्याचेच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगाराला प्रथमच कायद्यात नाव दिले आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्या तरतुदी पोलादपूरच्या या तरुणापर्यंत कधी आणि कशा उतरतात हे पाहावे लागेल. कारण त्याचा करार पुष्कळदा मूळ कंपनीशी नसतो, मधल्या ठेकेदाराशी असतो. दहा मिनिटांची जाहिरात दिल्लीत बंद झाली म्हणून आंबेनळीच्या पायथ्याशी त्याचा दिवसाचा कोटा कमी होत नाही. ग्राहकानेही येथे स्वत:कडे पाहायला हवे. उद्याच हवे हे बटण दाबताना ज्याला ती वस्तू महिनाभर लागणार नसते, तो एका खेपेचे ओझे उगाच वाढवीत असतो.

वेगाशिवाय ग्राहक संतुष्ट राहू शकतो काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वीच देऊन ठेवले आहे. मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ साली झाली. तिची पद्धत सर्वश्रुत आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एक संघ करायचा, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवायची, पंचायतीने माल एकत्र खरेदी करून ठरल्या दिवशी एका घरी उतरवायचा आणि सभासदांनी तो आपसांत वाटून घ्यायचा. महिन्यातून एकदाच माल येतो. ऑनलाइन व्यापाराच्या मोजपट्टीने ही सेवा कमालीची संथ म्हणावी लागेल. तरीही ती पिढी बदलल्यावरही टिकून आहे. सभासदाला दिवस माहीत असतो, वजन-मापाची खात्री असते आणि खेप भरलेली असल्यामुळे वाहतुकीचा बोजा किमतीवर पडत नाही. वर मांडलेल्या हिशेबात १८० रुपयांचे ६० झाले ते याच रीतीने. मुंबईचे डबेवाले शतकाहून अधिक काळ नावाजले गेले तेही डबा लवकर येतो म्हणून नव्हे. जेवणाच्या सुट्टीत येतो म्हणून.

महाड-पोलादपूरला असे काही होऊ शकेल काय? कंपन्यांनी किराणा दुकानदाराला हाताशी धरून त्याच्याकडे पार्सले उतरविण्याचा प्रयोग देशात अनेक ठिकाणी केलेला आहे. पितळवाडी, वरंध, बिरवाडी यांसारख्या मोठ्या गावांत ठरलेल्या दोन दिवशी माल उतरला आणि तो गावच्या दुकानात राहिला, तर आजूबाजूच्या वाड्यांतील माणूस बाजाराला येईल तेव्हा घेऊन जाईल. घरपोच हा शब्द काटेकोरपणे पाळला जाणार नाही, पण हेलपाटा वाचेल. दुकानदारालाही चार पैसे मिळतील. आणि ते त्याला मिळायला हवेत. २०२१ च्या पुरात ज्याचा माल पाण्यात गेला त्या दुकानदाराला पावसाळ्याच्या तोंडावर दुकान भरून ठेवण्याची छाती होत नसेल तर नवल नाही. त्यात ऑनलाइन दुकानाने त्याचे रोखीचे गिऱ्हाईक नेले आणि उधारीचे तेवढे त्याच्याकडे ठेवले. महिनाअखेरीस वही काढून नाव लिहिणारा हा माणूस उद्या राहिला नाही, तर त्याची जागा कोणतेही संकेतस्थळ घेणार नाही. अर्थात्‌ दुकानदारानेही पार्सल हाताळण्याचा मोबदला स्पष्ट ठरवून घ्यावा. पुढे त्याचे वांधे होतात.

कायद्याने ग्राहकाला काही हत्यारे दिली आहेत, ती निदान माहीत असावीत. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याला माल पोचविणे, परत घेणे आणि पैसे परत करणे यांविषयीच्या अटी आधी जाहीर करण्यास व तक्रारनिवारण अधिकारी नेमण्यास बांधले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळूरला असले तरी पोलादपूरच्या ग्राहकाला बंगळूरला जावे लागत नाही, अलिबाग पुरते. महाडहून अलिबागला जाऊन येण्यात दिवस मोडतो, पण आता तक्रार घरबसल्याही दाखल करता येते आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. तथापि चारशे रुपयांच्या वस्तूचा वायदा मोडला म्हणून कोणी आयोगाकडे जाणार नाही, हे विक्रेताही जाणतो. म्हणून वायदा मुळातच खरा करण्याची सक्ती हवी. जी तारीख दाखविली तिला किती पार्सले पोचली, हे प्रमाण प्रत्येक पिनकोडासाठी विक्रेत्याने जाहीर करावे असे नियमांत एक कलम घातले, तर वेगाच्या बढाईपेक्षा ते ग्राहकाच्या अधिक उपयोगी पडेल.

त्यासाठी लागणारी सामग्री नाही, अशी सबब चालणार नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन ही नवी पद्धत आणली. देशाची सारी भूमी चार मीटर लांब व चार मीटर रुंद अशा चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीला तिने दहा अक्षर-अंकांची खूण दिली. वाडीवरचे घर कोठे आहे हे आता संगणकाला सांगता येते. तेथवर जाणारी पायवाट पावसात चालते की नाही हे मात्र ती खूण सांगत नाही. ते शाखा डाकघरातील ग्रामीण डाकसेवक सांगू शकतो. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे आहेत व त्यांतील बहुसंख्य ग्रामीण आहेत. त्यांच्याशी करार करण्यास या कंपन्यांना कोणी अडविलेले नाही. कोणत्या पिनकोडाखाली कोणती शाखा डाकघरे येतात याची यादीही सरकारने सर्वांना खुली केली आहे. पिनकोडाच्या खालच्या या पायरीपर्यंत उतरून पोलादपूर बाजारपेठेची एक आणि डोंगरातल्या प्रत्येक शाखेची दुसरी अशी तारीख काढायला संगणकाला क्षणभरही अधिक लागणार नाही. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतची तारीख निराळी काढायलाही.